डबल-क्लिक केलं तरी कोडची फाइल टर्मिनलमधल्या एडिटरमध्ये उघडत नाही: नेमकं कुठे अडतं आणि काय करायचं

या तक्रारीची रूपं चारच. फाइलवर डबल-क्लिक केलं, कर्सर क्षणभर गोल फिरला आणि पुढे काहीच नाही. किंवा काळी खिडकी लखकन दिसली आणि मिटली. किंवा फाइल उघडली, पण भलत्याच प्रोग्रॅममध्ये. आणि सगळ्यांत वैतागवाणं रूप म्हणजे गेल्या आठवड्यात नीट बसवलेलं आज पुन्हा बंद पडलेलं. नियोव्हिम, व्हिम, नॅनो, मायक्रो, हेलिक्स, एडिटर कुठलाही असो, दुखणं तेच.

बहुतेक जण मग 'ओपन विथ'मध्ये जाऊन तेच नाव पुन्हा पुन्हा निवडत बसतात. त्याने सहसा काही होत नाही, कारण बिघाड बऱ्याचदा तिथे नसतोच. डबल-क्लिकपासून एडिटरपर्यंत चार टप्पे आहेत. फाइल मॅनेजर आधी फाइलचा प्रकार ओळखतो. त्या प्रकारासाठी कुठला प्रोग्रॅम नेमलाय ते पाहतो. तो प्रोग्रॅम टर्मिनलमध्ये चालणारा असेल तर एखादं टर्मिनल शोधून ते उघडतो. मग त्या टर्मिनलमध्ये एडिटर सुरू होतो आणि फाइलचा पत्ता त्याला मिळतो. यातलं काहीही चुकलं तरी बाहेरून लक्षण जवळपास सारखंच दिसतं. म्हणून कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी गाडी कोणत्या टप्प्यावर अडली ते शोधा. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढचा सगळा अंदाजपंचे उद्योग वाचतो.

मुख्य भर लिनक्सवर ठेवला आहे, कारण ही अडचण तिथेच सर्वाधिक येते. विंडोज आणि मॅकबद्दल पुढे लिहिलं आहे. कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची.

आधी निदान

माउस बाजूला ठेवा, टर्मिनल उघडा आणि तीच फाइल 'एक्सडीजी-ओपन' या कमांडने उघडून पाहा. ग्नोम हा डेस्कटॉप वापरत असाल तर 'जिओ ओपन'ही चालेल. डबल-क्लिक केल्यावर जे घडतं साधारण तेच इथे घडतं, फरक इतकाच की एरवी गिळला जाणारा एररचा संदेश इथे डोळ्यांसमोर छापला जातो. अर्ध्याअधिक वेळा उत्तर त्या एका ओळीतच मिळतं.

संदेश काहीच आला नाही तर पुढचे दोन प्रश्न विचारा. 'एक्सडीजी-माइम क्वेरी फाइलटाइप' आणि पुढे फाइलचं नाव दिलं की सिस्टिम त्या फाइलला कोणत्या माइम प्रकाराची (फाइलींच्या प्रकारांना दिलेल्या ठरीव नावांपैकी कोणत्या नावाची) समजते ते कळतं. पायथनच्या फाइलसाठी 'टेक्स्ट/एक्स-पायथन' किंवा तसंच काही दिसेल. मग 'एक्सडीजी-माइम क्वेरी डिफॉल्ट' आणि पुढे तो प्रकार दिला की त्यासाठी नेमलेल्या डेस्कटॉप फाइलचं, म्हणजे प्रोग्रॅम कसा सुरू करायचा हे लिहिलेल्या छोट्या मजकूर-फाइलचं, नाव मिळतं. पहिलं उत्तर विचित्र असेल तर गडबड प्रकार ओळखण्यात आहे. दुसरं विचित्र असेल तर नेमणुकीत. दोन्ही बरोबर असूनही एडिटर उघडत नसेल तर टर्मिनल किंवा त्याच्या पुढचा टप्पा तपासा.

आणखी एक चाचणी फार कामाची आहे. 'जीटीके-लाँच', पुढे डेस्कटॉप फाइलचं नाव आणि शेवटी कोडच्या फाइलचा पत्ता. यात प्रकार आणि नेमणूक हे दोन्ही टप्पे वगळले जातात आणि थेट डेस्कटॉप फाइलच चालवली जाते. हे चाललं आणि डबल-क्लिक चाललं नाही, तर टर्मिनल आणि एडिटर निर्दोष आहेत.

टर्मिनलच सापडत नाही

माझ्या पाहण्यात 'काहीच होत नाही' या तक्रारीचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

नियोव्हिमसोबत जी डेस्कटॉप फाइल येते तिच्यात 'टर्मिनल=ट्रू' अशी ओळ असते. ही ओळ फक्त एवढंच सांगते की हा प्रोग्रॅम टर्मिनलमध्ये चालवा. कोणत्या टर्मिनलमध्ये, हे ती सांगत नाही. तो निर्णय फाइल मॅनेजर ज्या लायब्ररीवर उभा आहे तिच्याकडे जातो. ग्नोमच्या घराण्यातल्या फाइल मॅनेजरसाठी ती लायब्ररी म्हणजे जीलिब, आणि जीलिबच्या कोडमध्ये टर्मिनलांच्या नावांची एक ठरीव यादी लिहिलेली आहे: ग्नोम-टर्मिनल, एक्सएफसीई४-टर्मिनल, कॉन्सोल, एक्सटर्म वगैरे. यादीतलं जे पहिलं सापडेल ते वापरायचं. अलॅक्रिटी, किटी, फुट ही आज अनेकांच्या आवडीची टर्मिनलं त्या यादीत नाहीत. तुमच्याकडे फक्त किटी असेल तर जीलिबच्या दृष्टीने तुमच्याकडे टर्मिनलच नाही. 'अॅप्लिकेशनला लागणारं टर्मिनल सापडलं नाही' अशा अर्थाचा संदेश एक्सडीजी-ओपनमध्ये दिसला तर हाच प्रकार समजा.

'काल चालत होतं, आज नाही' याचं कोडंही इथेच सुटतं. नवीन टर्मिनल आवडलं, महिनाभराने साफसफाई करताना 'हे कशाला ठेवायचं' म्हणून जुनं ग्नोम-टर्मिनल किंवा एक्सटर्म काढून टाकलं, आणि डबल-क्लिक मेलं. एडिटरला कोणी हातही लावलेला नसतो, म्हणून शंका तिकडे जात नाही. सिस्टिमच्या मोठ्या अपग्रेडमध्ये मूळ टर्मिनल बदललं तरी तेच घडू शकतं.

उपाय दोन आहेत. जीलिबच्या नव्या आवृत्त्या ती यादी वाचण्याआधी 'एक्सडीजी-टर्मिनल-एक्झेक' नावाचा प्रोग्रॅम शोधतात. तुमच्या डिस्ट्रिब्युशनमध्ये तो मिळत असेल तर बसवा, आणि घरच्या 'डॉट कॉन्फिग' फोल्डरमध्ये 'एक्सडीजी-टर्मिनल्स डॉट लिस्ट' या फाइलच्या पहिल्या ओळीत आपल्या टर्मिनलच्या डेस्कटॉप फाइलचं नाव लिहा. केडीई या डेस्कटॉपमध्ये एवढंही करावं लागत नाही, सिस्टिम सेटिंग्जमधल्या डिफॉल्ट अॅप्लिकेशन्समध्ये टर्मिनल निवडायची सोय आहे. एक्सएफसीई या डेस्कटॉपमध्येही डिफॉल्ट अॅप्लिकेशन्समध्ये (जुन्या आवृत्त्यांत प्रिफर्ड अॅप्लिकेशन्समध्ये) ती आहे.

मला स्वतःला दुसरा उपाय जास्त पटतो: टर्मिनल शोधण्याचं काम दुसऱ्या कोणावर सोपवायचंच नाही. घरच्या 'डॉट लोकल / शेअर / अॅप्लिकेशन्स' या फोल्डरमध्ये स्वतःची डेस्कटॉप फाइल करा. सिस्टिमची मूळ फाइल बदलू नका, पुढच्या अपडेटला ती पुन्हा मूळ रूपात येईल आणि तुमचे बदल वाहून जातील. नव्या फाइलला वेगळं नाव द्या, आणि तिच्यातल्या 'एक्झेक' ओळीत (कोणती कमांड चालवायची ते ही ओळ सांगते) टर्मिनलचं नाव स्वतः लिहा.

इथे प्रत्येक टर्मिनलची तऱ्हा वेगळी आहे आणि घोळ नेमका इथे होतो. अलॅक्रिटी, कॉन्सोल आणि एक्सटर्मला एडिटरच्या नावाआधी 'वजा ई' लागतो. ग्नोम-टर्मिनलला दोन वजा चिन्हं, मग जागा, मग एडिटर. त्याचा जुना 'वजा ई' कालबाह्य ठरवला गेला आहे. एक्सएफसीईच्या टर्मिनलला 'वजा एक्स' द्या, कारण त्याचा 'वजा ई' सगळी कमांड एकाच तुकड्यात मागतो. किटी आणि फुटला यातलं काहीच लागत नाही, टर्मिनलच्या नावापुढे थेट एडिटर लिहायचा.

ओळीच्या शेवटी टक्क्याचं चिन्ह आणि मोठा एफ. छोटा एफ म्हणजे एकच फाइल, मोठा एफ म्हणजे निवडलेल्या सगळ्या फाइली. मोठा किंवा छोटा यू लिहू नका, त्याने फाइलच्या पत्त्याऐवजी 'फाइल' आणि तीन तिरप्या रेघांनी सुरू होणारा यूआरएल मिळू शकतो आणि एडिटर गोंधळतो.

आणि हे विसरू नका: टर्मिनल स्वतः लिहिलंत की 'टर्मिनल=ट्रू' बदलून 'टर्मिनल=फॉल्स' करायलाच हवं. नाहीतर टर्मिनल उघडण्यासाठी आणखी एक टर्मिनल शोधलं जातं आणि आपण होतो तिथेच परत येतो.

खिडकी लखकन मिटते

म्हणजे टर्मिनल सापडलं, पण आतली कमांड सुरू होताच पडली. टर्मिनलचं काम संपलं म्हणून त्याने खिडकी बंद केली, आणि एररही तिच्यासोबत गेला. तो वाचायचा असेल तर खिडकी धरून ठेवायला सांगा: किटी, अलॅक्रिटी आणि कॉन्सोलला 'होल्ड' हा पर्याय दोन वजा चिन्हांसह देता येतो, एक्सटर्मला एका वजा चिन्हासह. 'एक्झेक' ओळीत तो तात्पुरता घाला, डबल-क्लिक करा आणि संदेश वाचा.

बहुतेक वेळा संदेश असतो 'कमांड सापडली नाही' या अर्थाचा. टर्मिनलमध्ये हाताने टाइप केल्यावर तोच एडिटर छान उघडतो, म्हणून हे पटत नाही. पण हाताने टाइप करता तेव्हा मध्ये शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) असतं आणि त्याने 'बॅशआरसी' ही आपली सेटिंगची फाइल वाचून पाथ, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी, भरलेला असतो. डेस्कटॉप फाइलमधून टर्मिनल थेट एडिटर चालवतं, शेल मध्ये येतच नाही, त्यामुळे बॅशआरसीत लिहिलेलं काहीही लागू होत नाही. एडिटर घरच्या 'डॉट लोकल / बिन'मध्ये असेल आणि तो फोल्डर फक्त बॅशआरसीतून पाथमध्ये येत असेल, तर डबल-क्लिकला तो दिसणारच नाही.

याचं एक सौम्य रूप जास्त फसवं आहे. एडिटर उघडतो, फाइल दिसते, पण शब्द सुचवणं बंद, चुका दाखवणं बंद. एडिटर सिस्टिमच्या फोल्डरमध्ये असल्याने सापडला, पण शब्द सुचवणारा आणि चुका दाखवणारा प्रोग्रॅम, म्हणजे लँग्वेज सर्व्हर, घरच्या फोल्डरमध्ये किंवा नोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या पोटात आहे, तो सापडला नाही. लोक मग प्लगइन उलटेपालटे करत बसतात. प्लगइनचा काही दोष नसतो.

साधा इलाज म्हणजे 'एक्झेक' ओळीत एडिटरचा पूर्ण पत्ता द्या. घराच्या फोल्डरसाठीचं लाटेसारखं चिन्ह किंवा 'डॉलर होम' इथे चालत नाही; तिरप्या रेघेपासून सगळा पत्ता लिहावा लागतो. लँग्वेज सर्व्हरसाठी मात्र पाथच दुरुस्त करायला हवा, आणि तोही लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या जागी: 'डॉट प्रोफाइल'मध्ये, किंवा सिस्टिमडी वापरणाऱ्या सेशनमध्ये कॉन्फिगमधल्या 'एन्व्हायर्नमेंट डॉट डी' फोल्डरमध्ये. त्यानंतर लॉग-आउट करून परत या. नुसतं टर्मिनल बंद करून उघडल्याने फाइल मॅनेजरचा पाथ बदलत नाही.

डेस्कटॉप फाइलमध्ये 'ट्रायएक्झेक' ओळ असेल तर तीही पाहा. तिच्यात लिहिलेला प्रोग्रॅम सेशनच्या पाथमध्ये नसेल तर ती नोंद यादीतून गायबच होते. 'ओपन विथ'मध्ये एडिटरचं नावच येत नाही, याचं हे एक कारण.

फाइलच्या नावात जागा असेल तेव्हाच बिघडत असेल, तर अवतरणचिन्हं तपासा. डेस्कटॉप फाइलमध्ये टक्का-एफला अवतरणचिन्हं लावायची नसतात, जागा असलेलं नाव ती यंत्रणा स्वतः अखंड पाठवते. उलट मध्ये स्वतःची शेल स्क्रिप्ट ठेवली असेल तर तिच्यात 'डॉलर अॅट'ला दुहेरी अवतरणचिन्हं हवीतच. 'एक्झेक' ओळीतच 'एसएच वजा सी' घालून लांबलचक कमांड रचण्याचा मोह टाळा. तिथले अवतरणांचे नियम शेलपेक्षा वेगळे आहेत, एकेरी अवतरणचिन्ह तर तिथल्या नियमांत बसतच नाही. वेगळी स्क्रिप्ट करा आणि तिचा पूर्ण पत्ता द्या.

अशी स्क्रिप्ट ठेवण्याचा आणखी एक फायदा: एडिटर सुरू करण्याआधी तिच्यात फाइलच्या फोल्डरमध्ये 'सीडी' करता येतं. डबल-क्लिकने उघडलेल्या एडिटरचं चालू फोल्डर बहुधा तुमचं घरचं फोल्डर असतं, प्रोजेक्टचं नाही. मग एडिटरमधून शोध मारला की तो सगळं घर पालथं घालतो.

भलत्याच प्रोग्रॅममध्ये उघडते

टाइपस्क्रिप्टची फाइल घ्या. तिचं एक्स्टेन्शन टीएस. हेच एक्स्टेन्शन एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीम या व्हिडिओ प्रकाराचं आणि क्यूटीच्या भाषांतर फाइलींचंही आहे. त्यामुळे अनेक सिस्टिमवर कोडच्या फाइलवर डबल-क्लिक केलं की व्हिडिओ प्लेअर उघडतो आणि 'फाइल खराब आहे' म्हणतो. फाइल ठणठणीत असते. 'क्वेरी फाइलटाइप' चालवलं की हे लगेच उघड होतं. त्या माइम प्रकाराला एडिटर नेमून टाका, जर त्या एक्स्टेन्शनचे व्हिडिओ तुम्ही पाहत नसाल तर.

इतर भाषांबाबत मुद्दा वारशाचा आहे. 'टेक्स्ट'ने सुरू होणारे सगळे माइम प्रकार 'टेक्स्ट/प्लेन'चे पोटप्रकार मानले जातात. साध्या मजकुरासाठी एडिटर नेमलात की पायथन, सी, रस्ट सगळं त्यातच उघडतं, जोवर दुसरा एखादा प्रोग्रॅम 'पायथन माझं' म्हणून नेमका दावा सांगत नाही तोवर. नवीन आयडीई (कोड लिहिण्या-चालवण्याचा मोठा प्रोग्रॅम) बसवला की नेमकं हेच होतं. तो डझनभर भाषांवर दावा ठोकतो आणि वारशाने मिळालेली तुमची नेमणूक मागे पडते. दर वेळी नव्याने बिघडणारी केस बहुधा हीच असते. म्हणून रोजच्या वापरातल्या प्रत्येक प्रकारासाठी 'एक्सडीजी-माइम डिफॉल्ट', डेस्कटॉप फाइलचं नाव आणि तो प्रकार असं स्पष्ट सांगा. ही नोंद कॉन्फिगमधल्या 'माइमअॅप्स डॉट लिस्ट'मध्ये जाते आणि नुसता नवीन प्रोग्रॅम बसवल्याने ती हटत नाही. जेसन आणि शेल स्क्रिप्ट यांचे प्रकार 'अॅप्लिकेशन'ने सुरू होतात, त्यांनाही वेगळं नेमून टाका. एचटीएमएल ब्राउझरलाच राहू द्या.

नेमणूक करूनही फरक पडत नसेल तर त्याच फोल्डरमध्ये 'ग्नोम-माइमअॅप्स डॉट लिस्ट' किंवा 'केडीई-माइमअॅप्स डॉट लिस्ट' अशी फाइल आहे का पाहा. डेस्कटॉपचं नाव असलेली फाइल साध्या फाइलच्या आधी वाचली जाते. आणि डेस्कटॉप फाइलमधली 'माइमटाइप' ओळ बदललीत तर 'अपडेट-डेस्कटॉप-डेटाबेस' ही कमांड त्या फोल्डरवर चालवा, नाहीतर यंत्रणा जुनीच साठवलेली यादी वाचत राहील.

विंडोज आणि मॅक

विंडोजवर नियोव्हिम किंवा व्हिमची कन्सोल आवृत्ती 'ओपन विथ'मधून थेट निवडता येते, टर्मिनल आपोआप मिळतं. विंडोज ८ पासून ही निवड रजिस्ट्रीत एका पडताळणीच्या हॅशसह ठेवली जाते, त्यामुळे 'असॉक' आणि 'एफटाइप' या जुन्या कमांड वापरून नेमणूक बदलली तरी वापरकर्त्याची आधीची निवडच चालते. बदल सेटिंग्जमधूनच करा.

विंडोजवर याहून गंभीर गोष्ट वेगळी आहे. तिथे जेएस फाइलवर डबल-क्लिक केलं की मूळ सेटिंगनुसार ती विंडोज स्क्रिप्ट होस्टमध्ये चालते, नुसती उघडत नाही. बॅच फाइलचंही तसंच. अनोळखी ठिकाणाहून आलेली फाइल 'बघू तरी' म्हणून डबल-क्लिक करणं म्हणजे ती चालवणं. जेएससाठी एडिटरची नेमणूक आजच करून टाका. बॅच फाइलची नेमणूक बदलू नका, ती चालवण्यासाठीच असते. तिच्यासाठी रन खिडकीत 'शेल', विसर्गासारखं चिन्ह आणि 'सेंडटू' लिहून उघडणाऱ्या फोल्डरमध्ये एडिटरचा शॉर्टकट ठेवा, म्हणजे राइट-क्लिकने ती संपादनासाठी उघडता येईल. एडिटर डब्ल्यूएसएलच्या (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्सच्या) आत असेल तर विंडोजचा पत्ता त्याला कळत नाही. मधल्या स्क्रिप्टमध्ये 'डब्ल्यूएसएलपाथ'ने तो बदलून द्यावा लागतो.

मॅकवर फाइंडर फक्त अॅपलाच फाइल देतो, आणि टर्मिनलमधला एडिटर अॅप नसतो. ऑटोमेटर किंवा स्क्रिप्ट एडिटरमध्ये एक छोटं अॅप करा, जे मिळालेल्या फाइलचा पत्ता घेऊन टर्मिनलला एडिटरची कमांड देईल. पत्ता 'कोटेड फॉर्म'मध्येच द्या, नाहीतर जागा असलेली नावं फुटतील. मग फाइलच्या 'गेट इन्फो'मध्ये ते अॅप निवडून 'चेंज ऑल' दाबा. पहिल्या वेळी मॅक विचारतं की या अॅपला टर्मिनल चालवू द्यायचं का. तिथे नकार दिला गेला असेल तर पुढे डबल-क्लिक केल्यावर काम होत नाही. प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमधल्या ऑटोमेशनच्या यादीत ती परवानगी परत देता येते.

सगळं चालतं, पण दुसऱ्यांदा क्लिक केलं की इशारा येतो

एकच फाइल दोनदा डबल-क्लिक केली की दोन खिडक्यांत दोन एडिटर उघडतात, आणि व्हिम आणि नियोव्हिमच्या जुन्या आवृत्त्या 'ई३२५' हा इशारा देतात: या फाइलची स्वॅप फाइल (न साठवलेले बदल राखणारी तात्पुरती फाइल) आधीच आहे. डबल-क्लिकची सवय असलेल्यांना हा रोज भेटतो. नियोव्हिम ०.७ पासून यावर चांगली सोय आहे. पहिला नियोव्हिम 'लिसन' पर्यायाने एका ठरलेल्या सॉकेटवर (दुसऱ्या प्रोग्रॅमने संपर्क साधायच्या पत्त्यावर) सुरू करायचा, आणि नंतरच्या प्रत्येक क्लिकला 'सर्व्हर' आणि 'रिमोट' हे पर्याय देऊन फाइल त्याच चालू नियोव्हिमकडे पाठवायची. वर सांगितलेल्या स्क्रिप्टमध्ये सॉकेट अस्तित्वात आहे का एवढं तपासलं की काम झालं. व्हिममध्ये 'रिमोट' चालण्यासाठी तो क्लायंट-सर्व्हर सोयीसह बांधलेला असावा लागतो. 'व्हिम वजा वजा व्हर्जन'च्या यादीत त्या नावाआधी अधिक चिन्ह आहे का ते पाहा.

इशारा आलाच तर घाईने स्वॅप फाइल उडवू नका. संदेशात प्रोसेस क्रमांकापुढे ती अजून चालू असल्याचं लिहिलं असेल, तर 'क्यू' दाबून बाहेर पडा आणि आधीची खिडकी शोधा. तसं लिहिलं नसेल तर बहुधा टर्मिनलची खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केली गेली आणि त्या वेळी न साठवलेले बदल होते. व्हिम अशा वेळी ते बदल स्वॅपमध्ये राखून मगच बंद होतो. 'आर' दाबून ते परत आणा, मजकूर नीट पाहून साठवा, आणि त्यानंतरच जुनी स्वॅप फाइल काढून टाका.